घामाचा वास आणि ग्राहकाचा मान

प्रश्न : नाशिकला माझं छोटं ब्युटी पार्लर आहे. नेहमीच्या एक ताई वॅक्सिंगला येतात, पण त्यांच्या घामाच्या वासाने मला मळमळतं. सांगितलं तर दुखावतील. काय करू?

उत्तर : तुमची अडचण खरी आहे, ती बोलून दाखवण्यात कमीपणा नाही. ताज्या घामाला फारसा वास नसतो. काखेतले जिवाणू त्याचं विघटन करतात तेव्हा तो येतो. भर उन्हात, गर्दीच्या बसने आलेल्या बाईला त्यासाठी अस्वच्छ ठरवू नका.

स्वच्छतेची पायरी सगळ्यांसाठीच ठेवा. वॅक्सिंगआधी प्रत्येकीची काख क्लीन्झरने पुसा, कोरडी करा, मग पावडर लावा. तेल आणि घाम निघाल्यावर वॅक्सही नीट धरतं. मास्कही सगळ्यांसाठी लावा, ठरावीक बाई आल्यावरच नको. एक्झॉस्ट फॅन चालू असू द्या. रूम फ्रेशनरचा फवारा मात्र टाळा. वास दबत नाही आणि समोरचीला लगेच कळतं.

एवढ्याने भागलं नाही, तर एकांतात म्हणा, ‘‘ताई, आधी काखा धुऊन घेता का? वॅक्स छान बसेल.’’ इतकंच पुरे. हाताखालच्या मुलींना मागे कुजबुजू देऊ नका. ग्राहक दुखावतात ते बहुधा त्यानेच.

काखेत पुरळ, पू किंवा जखम दिसली, तर मात्र वॅक्सिंग करूच नका. त्वचारोगतज्ज्ञांकडे जायला सांगा आणि त्या दिवशीचे पैसे घेऊ नका.