समांतर जोडणी : लोकलच्या तारेपासून घरच्या वितळतारेपर्यंत

समांतर जोडणीचे उदाहरण पाहण्यासाठी ठाणे, डोंबिवली वा कल्याण येथील विद्यार्थ्याला प्रयोगशाळेत जावयास नको. रेल्वेचा फलाट पुरेसा आहे. रुळांवर टांगलेल्या तारेतून पॅन्टोग्राफवाटे वीज लोकल गाडीत उतरते व चाकांवाटे रुळांत जाऊन उपकेंद्राकडे परतते. एकाच उपकेंद्रावर अवलंबून असलेल्या टप्प्यात तीन गाड्या असल्या, तर तार व रूळ यांमध्ये जोडलेल्या त्या तीन स्वतंत्र शाखाच होत. म्हणूनच डोंबिवलीस एक गाडी थांबली तरी ठाकुर्लीची गाडी धावत राहते. एकसर जोडणीत असे होत नाही. गणपतीच्या आराशीतील दिव्यांच्या जुन्या माळेत एक दिवा गेला की सारी माळ विझे, हे अनेकांना आठवत असेल.

समांतर जोडणीत प्रत्येक शाखेस विभवांतर तेच मिळते, हे विद्यार्थी सहज पाठ करतात. अडते ते पुढे. उपकरणे वाढली म्हणजे अडथळे वाढले, तेव्हा एकूण प्रवाह घटला पाहिजे, असे पुष्कळांना वाटते. येथे स्थानकावरील तिकीट खिडक्यांचा दाखला द्यावा. नवी खिडकी कितीही संथ चालो, ती उघडताच दर मिनिटास बाहेर पडणारे प्रवासी वाढतातच. तद्वतच प्रत्येक नवी शाखा प्रवाहाला आणखी एक वाट देते आणि परिणामी रोध सर्वांत लहान रोधापेक्षाही कमी होतो.

घरातील विभवांतर २३० व्होल्ट धरू. १,००० वॅटची इस्त्री सुमारे ४.३५ अँपिअर प्रवाह घेते. तिचा रोध सुमारे ५३ ओहम. त्याच फळीवर १,५०० वॅटची पाण्याची किटली लावली, तर ती ६.५ अँपिअर घेते. तिचा रोध सुमारे ३५ ओहम. दोन्हींचा परिणामी रोध सुमारे २१ ओहम भरतो आणि फळीच्या तारेतून जवळजवळ १०.९ अँपिअर प्रवाह वाहतो. बटन मात्र ६ अँपिअरचे! प्रवाह अडीचपट झाला. पण तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती सहापटींहून अधिक झाली. इस्त्री व किटली दोन्ही निर्दोष असूनही भिंतीतील तार तापते ती यामुळे.

म्हणून वितळतार शाखा फुटण्यापूर्वी, मुख्य तारेत एकसर जोडतात. शाळेत वा ग्रामपंचायतीच्या कचेरीत ती वारंवार वितळते म्हणून जाड तांब्याची तार गुंडाळणे म्हणजे पहारेकऱ्यालाच रजा देणे होय. अशा वेळी त्या मंडलावरील भार कमी करावा, नाहीतर स्वतंत्र मंडल काढून घ्यावे.

रेल्वेलाही बेरजेचा हा नियम चुकला नाही. मुंबईत १९२५ साली विद्युत गाड्या सुरू झाल्या त्या १,५०० व्होल्टवर. गाड्या वाढल्या तसा तारेतील एकूण प्रवाह प्रचंड वाढला. मध्य रेल्वेच्या या मुख्य मार्गावर २०१५ साली २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला. तेवढ्याच शक्तीसाठी आता सुमारे सतरावा हिस्सा प्रवाह पुरतो.

वर्गात हा प्रयोग घरगुती विजेवर कदापि करू नये. ताजे विद्युत घट, बॅटरीचे तीन छोटे दिवे व मुख्य तारेत एक अँपिअरमापी एवढे साहित्य पुरे. दुसरा व तिसरा दिवा जोडण्यापूर्वी काटा कोणत्या दिशेस सरकेल, हे प्रत्येक विद्यार्थ्याकडून वहीत आधी लिहून घ्यावे.