ताटाची डावी बाजू

चि. मनूस,


दादाने तुझा रिपोर्ट पाठवला. हिमोग्लोबिन 9.4! बाईमाणसाला निदान 12 तरी हवं. जिना चढताना लागणारी धाप तू परीक्षेच्या नावावर खपवत होतीस, तिचं मूळ इथे आहे. घाबरू नकोस. आपल्या देशात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायका अशाच धापा टाकत कामं उरकतात. पण म्हणून तू त्यांच्यात बसायचं कारण नाही.

डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घे, फक्त चहाबरोबर गिळू नकोस. चहातला तुरटपणा लोहाला धरून ठेवतो. ते रक्तात फारसं पोचत नाही. जेवणानंतरही तासभर चहा नको. हे सांगणारी मी पंचवीस वर्षं डबा संपला की स्टाफरूममध्ये कपभर चहा पीत आले, आणि रक्त वाढत नाही म्हणून बीट खात बसले!

तुझी आजी पान वाढताना आधी डावी बाजू भरायची. मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. आम्हाला वाटायचं, शोभेला. धान्य, कडधान्य, पालेभाजी यांतलं लोह मोठं हट्टी. त्यातलं थोडंच अंगी लागतं. सोबत क जीवनसत्त्व असेल तर त्याचा हट्ट जरा सुटतो. मेसमध्ये मटकीची उसळ असेल त्या दिवशी लिंबू मागून घे आणि पानात वाढल्यावर वरून पिळ; शिजवताना घातलं तर उष्णतेने बरंचसं जीवनसत्त्व उडून जातं. लिंबू नसेल तर पेरू खा. त्यात क जीवनसत्त्व लिंबाहून कितीतरी जास्त.

वरण-भाताला नावं ठेवतेस, पण ती जोडी शहाणी आहे. तांदळात लायसिन कमी, ते डाळ भरून काढते. डाळीत मेथिओनिन कमी, ते तांदूळ देतो. अर्थात वरणात डाळ असेल तर. तुमच्या मेसचं वरण मी चाखलंय. त्यात वाटीचा तळ दिसत होता. तुझं वजन 50 किलो, म्हणजे दिवसाला 40 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत. एका अंड्यात सहा-सात ग्रॅम मिळतात. हिशेब तूच कर.

आणि हो, श्रावणात सोडलेली अंडी तू अजून सुरू केली नाहीस, दूधही बंद आहे म्हणे. तुझी मर्जी. पण बी-12 भाजीपाल्यात नसतं, मेथीत नाही नि पालकातही नाही. त्याचीही तपासणी करायची का, ते डॉक्टरांना विचार. डब्यातल्या महागड्या पावडरींवर मात्र पैसे घालू नकोस.

दिवाळीला आलीस की माझी लोखंडी कढई घेऊन जा. खोलीवर शेगडी चालते ना, ते आधी विचारून ठेव. भाजी झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढायची. जराशी काळपट दिसेल. नाक मुरडू नकोस.

तुझी,
आत्या