जार पडायची वाट पाहू नका
आमच्या भागात अजूनही कित्येक गोठ्यांत गाय व्याली की जार पडेपर्यंत कासेला हात लावू देत नाहीत. आधी चीक काढला तर जार अडकतो, असं जुनी माणसं सांगतात. आमच्या संकरित गाईची कालवड या समजुतीपायी गेली. पहाटे जन्मली, गाईनं चाटून कोरडी केली, धडपडत उठून कासेला ढुसण्या द्यायला लागली. तर तिला ओढून बाजूला बांधलं. जार पडला दुपार उलटल्यावर. तोवर तिनं मान टाकली होती. तोंडात बोट घातलं तर जीभ गार, चोखायला जोर नाही. मग चीक पाजला, पण हगवण लागली आणि आठवड्याच्या आत ती दगावली.

डॉक्टरांनी नंतर जे समजावलं ते प्रत्येक गोठ्यात पोचायला हवं. माणसाच्या बाळाला पोटात असतानाच आईकडून रोगप्रतिकारशक्ती मिळते. गाई-म्हशींच्या जारातून ती पलीकडे जातच नाही. वासराला ती मिळते फक्त चिकातून, आणि त्याचं आतडं ती शोषून घेतं पहिले काही तासच. तासागणिक हे दार मिटत जातं. 24 तासांनी जवळजवळ बंद.

म्हणून 30 किलोच्या वासराला पहिल्या दिवशी 3 लिटर चीक धरा. निम्मा पहिल्या तास-दोन तासांत, उरलेला 12 तासांच्या आत. चोखत नसेल तर बाटलीनं पाजा, पण नळकांड्यानं घशात ओतू नका. ठसका लागून चीक फुप्फुसात उतरला तर वासरू हातचं जातं. बेंबीची नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये नीट बुडवा, शेणमाती लावू नका.

आणि जार? वासरू सड ओढतं तेव्हा गाईचं गर्भाशय आकसतं. त्यानं जार सुटायला मदतच होते. 12 तासांत पडला नाही तर डॉक्टरांना बोलवा. लोंबत्या जाराला वीट बांधायची, हिसके द्यायचे, हे प्रकार मी डोळ्यांनी पाहिलेत. त्यानं गर्भाशयाला इजा होते, गाय पुढं गाभण राहायला त्रास देते. गाईला सांसर्गिक गर्भपाताचा आजार असेल तर तो जारातून माणसालाही होतो, तेव्हा उघड्या हातानं शिवू नका.

खरवसासाठी शेजारपाजारची भांडी येतातच, नाही म्हणणं जड जातं. पण पहिल्या धारांचा घट्ट पिवळा चीक वासराचाच. त्याचं पोट भरून उरला तर द्या, नाहीतर दुसऱ्या दिवशीचा द्या; खरवस जरा सैल होईल, एवढंच.