शेण डोक्यावर, गॅस नळीतून

गोबरगॅसची जागा दाखवायला घरातला कर्ता पुरुष पुढे होतो आणि दुसऱ्या कशालाच उपयोगी नसलेली जागा दाखवतो. उकिरड्यामागचा कोपरा, बांधालगतची पडीक पट्टी, पडलेल्या गोठ्याचं जोतं. मी ती मुकाट बघून घेतो आणि विचारतो, "दादा, शेण कोण भरतं?" उत्तर बहुतेक वेळा दाराआडून येतं. सोलापूर-बीडकडे आणि पुढे कोकणात टाकीची जागा ठरवायचं हे काम करताना जे कळत गेलं, ते असं.

१. टेप गोठ्यापासून धरा.

दोन घनमीटरच्या घरगुती टाकीला रोज साधारण ५० किलो शेण लागतं आणि तेवढंच पाणी. म्हणजे शंभर किलो माल रोज, सणावारीसुद्धा, कुणीतरी वाहायचा. गॅसला ओझं नसतं, तो नळीतून आपला आपण चुलीपर्यंत जातो. तरी टाकी स्वयंपाकघराच्या भिंतीला हवी म्हणून सगळे अडून बसतात. शेगडी दहा-पंधरा पावलं लांब गेली तर बिघडत नाही, फक्त नळीला टाकीच्या दिशेने उतार ठेवावा. गॅसबरोबर वाफ येते, तिचं नळीत पाणी होतं, आणि मध्ये खोलगा राहिला की ज्योत फडफडायला लागते.

माण तालुक्यातल्या एका वस्तीवर टाकी गोठ्याच्या वरच्या अंगाला बांधलेली होती. सून घमेलं भरून चढ चढायची, छातीइतक्या उंच कुंडीच्या काठावर ते टेकवायची, एक श्वास घ्यायची आणि मग पालथं करायची. काठावर घमेल्याने घासून घासून सिमेंट गुळगुळीत झालं होतं. त्याच आवारात गोठ्याच्या खालच्या अंगाला जागा होती. तिथे टाकी असती तर गोठा धुतलेलं पाणी, गोमूत्र आणि शेण खराट्याने लोटलं की नालीतून थेट कुंडीत उतरलं असतं. पाण्याच्या निम्म्या कळश्याही वाचल्या असत्या. तेव्हापासून उताराकडे माझं लक्ष आधी जातं.

२. गुरं रात्री कुठे बसतात ते विचारा.

"जनावरं किती?" या प्रश्नाला अनुदानाच्या अर्जासारखंच उत्तर मिळतं. एका मोठ्या जनावराचं दिवसाला दहा किलो शेण धरतात, पण ते दावणीला बांधलेल्या जनावराचं. चरायला जाणारी गुरं निम्मं शेण रानात टाकून येतात. कोकणातली गावठी गुरं अंगाने लहान, त्यांचा हिशोब आणखी खाली. घर गावठाणात आणि गुरं मळ्यातल्या वस्तीवर असतील, तर टाकी वस्तीवरच हवी. गावात बांधलेली टाकी आठ-पंधरा दिवसांत उपाशी पडते.

बीडकडे आणखी एक गोष्ट बघावी लागते. दिवाळीनंतर बैलगाडी घेऊन ऊसतोडीला गेलेलं कुटुंब चार-पाच महिने परत येत नाही, बैलही त्यांच्याबरोबर जातात. मागे म्हातारा-म्हातारी आणि एखादी शेळी. अशा घरी जागा कितीही छान असली तरी मी नाही म्हणतो. वाईटपणा येतो, पण वाळून कडक झालेली टाकी फोडून साफ करण्यापेक्षा तो परवडतो.

३. माती उन्हाळ्यात बघा, पाणी श्रावणात.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. १९८४ साली आलेल्या दीनबंधू टाकीसारखा विटांचा घुमट जमिनीत असतो. ही ओढाताण त्याला सोसत नाही, केसाएवढी चीर पडते आणि गॅस नुसता उडून जातो. मुरूम लागेपर्यंत खोदायचं, मगच पाया. कोकणात उलटं दुखणं. मे महिन्यात सगळ्याच जागा चांगल्या दिसतात. श्रावणात शेजारच्या विहिरीचं पाणी किती वर आलंय ते बघावं. भरपावसात रिकामी टाकी खालून पाण्याच्या रेट्याने उचलली जाते. पिण्याच्या विहिरीपासून तर निदान पंधरा मीटर लांब.

४. चिंचेची सावली माणसांना ठेवा.

मुळं भिंतीत शिरतात आणि टाकीला ऊन मिळत नाही. थंडीत गॅस तसाही कमी होतो, त्यात सावलीची भर नको.

५. सातबारा मागा आणि भावकीला बोलवा.

यात सगळ्यात जास्त टाक्या गेल्या. जागा सामाईक, भाऊ एकत्र, दोन्ही सुनांनी मिळून शेण भरायचं ठरलेलं. मग वाटणी होते. गोठा थोरल्याकडे, स्वयंपाकघर धाकट्याकडे आणि मधून विटांची भिंत. एका ठिकाणी मी नळी भिंतीच्या दोन्ही बाजूंनी कापून बूच मारलेली पाहिली. टाकी चांगली होती, शेण होतं, गवंडी हुशार होता. गॅस कुणाचा, एवढंच ठरत नव्हतं.

आता मी चहा घेताना सहज विचारतो, घरात लग्नाची पोरं किती आहेत, नवी खोली कुठे काढणार. म्हातारी लोकं खरं सांगतात. टाकीतून बाहेर पडणारी मळी कुठे साठणार आणि कुणाच्या बांधाकडे वाहणार तेही त्याच बैठकीत निघतं. शेजारच्या चुलत्याला अगोदर न विचारलेली मळी पंचायतीपर्यंत जाते.

६. वास्तूशी भांडू नका.

ईशान्येला शेण नको म्हणतात, नैर्ऋत्येला खड्डा नको. चार पावलं सरकल्याने टाकीचं काही बिघडत नाही. संडास जोडायचा असेल तर मात्र खरी चर्चा करावी लागते. देहूच्या डॉ. सुहास मापुसकरांनी संडासाला जोडलेल्या गोबरगॅससाठी आयुष्य वेचलं, २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. तरी आजही त्या गॅसवर दूध उतू गेलं तर चालेल, पण देवाचा नैवेद्य नको, असं म्हणणाऱ्या आजीबाई भेटतात. तिथे मी संडासाची जोडणी पुढच्या वर्षावर टाकतो.

७. सार्वजनिक टाकीला गायरान पुरत नाही.

ग्रामपंचायत ठराव करून गायरानाची जागा देते आणि काम झालं असं समजते. कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्यात पुरा नावाचं गाव आहे. तिथे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले अमूल्य रेड्डी आणि त्यांचे सहकारी आधी स्वयंपाकाचा गॅस द्यायला गेले. सगळ्या चुलींना पुरेल इतकं शेण निघेना. मग १९८०च्या दशकात त्याच गॅसवर इंजिन चालवून घरोघर दिवे आणि नळाचं पाणी दिलं. आणलेलं शेण तोलून त्याचे पैसे मिळत, मळी परत मिळे. घरोघरच्या पाट्या रोज टाकीपर्यंत आल्या त्या या व्यवहारामुळे.

म्हणून ग्रामसभेत नकाशा उघडायच्या आधी मी तराजू कुठे ठेवायचा ते विचारतो. दूधसंकलन केंद्राशेजारी म्हणाले तर काम पुढे जातं, कारण तिथे सकाळ-संध्याकाळ गाव येतंच. सरपंचांच्या वाड्यासमोर म्हणाले, तर खालच्या आळीतून कोण पाटी घेऊन येणार, असं पुन्हा विचारावं लागतं, आणि या वेळी बायकांच्या रांगेकडे बघून.