विहारातील वाचनालय आणि इंटरनेट

परमपूज्य बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले, तेव्हा राहण्याच्या सोयीइतकाच ग्रंथांच्या सोयीचाही विचार केला. हा आदर्श समोर ठेवूनच आपल्या वस्त्यांतून, विहारांतून लहानमोठी वाचनालये उभी राहिली. एक-दोन कपाटे आणि संध्याकाळी दोन तास बसणारा एखादा सेवाभावी कार्यकर्ता, एवढ्यावर ती चालतात. परंतु आजचा विद्यार्थी मोबाईलवर वाचतो आणि नोकरी करणाऱ्या भगिनींना संध्याकाळी सवड नसते. मग कपाटाला कुलूप आणि पुस्तकांवर धूळ! यावर उपाय काय, याचा थोडा विचार आम्ही येथे मांडीत आहोत.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच सिद्धान्त मांडले. ग्रंथ हे वापरण्यासाठी असतात आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, हा त्यांचा आशय. ही कसोटी लावली तर इंटरनेट हे वाचनालयाचे शत्रू नसून साधन आहे, हे ध्यानात येईल.

नेटवर आज काय उपलब्ध आहे? महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन व भाषणांचे खंड केंद्र शासनाच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने पाली तिपिटक देवनागरीत उपलब्ध केले आहे. मराठी विश्वकोशही नेटवर आहे. ज्यांना हे ठाऊक नाही, त्यांना ते दाखवून देणे हे ग्रंथपालाचेच काम. या ठिकाणांचे क्यूआर कोड छापून कपाटावर चिकटवले, तरी पुष्कळ साधेल.

मात्र जे नेटवर आहेच, ते पुन्हा चढविण्यात शक्ती खर्च करू नये. जे फक्त आपल्याकडे आहे, ते आधी जपावे. आपल्या मंडळांच्या जुन्या स्मरणिका, जयंतीची पत्रके, जलशांतील पदांच्या वह्या, १९५६ च्या धम्मदीक्षेला गेलेल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी हे सारे कुणाच्या तरी पेटीत आहे. ती पिढी आपल्यातून जात आहे आणि कागद वाळवी खात आहे. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' यांचे अंक कुणीतरी जपून ठेवले, म्हणूनच ते पुढे ग्रंथरूपाने निघू शकले. आपल्या वस्तीचा इतिहास कोण जपणार?

त्यासाठी वाचनालयाचे स्वतःचे साधे पान नेटवर असावे. ब्लॉगर किंवा वर्डप्रेस यांवर असे पान पैसे न भरता काढता येते. त्यावर प्रथम ग्रंथांची यादी द्यावी. मग नव्या पुस्तकांची ओळख आणि वाचकांचे छोटे अभिप्राय. वर्षावासात आपल्या विहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. रोजच्या भागाचा आपल्या शब्दांत सारांश आणि दोन प्रश्न त्या पानावर दिले, तर रात्रपाळीचा बांधवही वाचनात सहभागी होईल. मजकूर युनिकोडमध्येच टंकित करावा. जुन्या पद्धतीच्या फाँटमधला किंवा नुसता छायाचित्र म्हणून टाकलेला मजकूर शोध घेताना सहसा सापडत नाही.

मोठ्या वाचनालयांसाठी 'कोहा' ही संगणकप्रणाली आहे. न्यूझीलंडमधील एका लहान सार्वजनिक ग्रंथालयासाठी ती तयार झाली आणि २००० साली सर्वांना मोफत खुली करण्यात आली. माओरी भाषेत 'कोहा' म्हणजे भेट, दान. दानाचे मोल जाणणाऱ्या आपल्या समाजाला याचे महत्त्व सांगायला नको.

काही पथ्ये मात्र पाळावी लागतील. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत ग्रंथावर हक्क राहतो. त्यामुळे धर्मानंद कोसंबींचे ग्रंथ २००८ पासून आणि बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन २०१७ पासून मुक्त झाले आहे. अनुवादकाचा हक्क मात्र निराळा असतो. हयात लेखकांचे पुस्तक परवानगीशिवाय नेटवर टाकणे म्हणजे दुसऱ्या शीलाचाच भंग होय. सभासदांचे पत्ते व फोन क्रमांक पानावर देऊ नयेत. पासवर्ड किमान दोघांकडे असावा आणि नवी कार्यकारिणी आली की दप्तराबरोबर तोही रीतसर सोपवावा.

शेवटचे पथ्य तथागतांच्या शिकवणीतूनच घेता येईल. सर्व काही अनित्य आहे, मग नेट त्याला अपवाद कसे असेल? याहू कंपनीची 'जिओसिटीज' ही सेवा बहुतेक देशांत २००९ साली बंद झाली आणि सामान्य माणसांनी तयार केलेली असंख्य पाने तिच्याबरोबर गेली. म्हणून प्रत्येक गोष्टीची एक प्रत वेगळ्या डिस्कवर आणि मूळ कागद कपाटात, असे दोन्ही ठेवावे.

हे काम एका व्यक्तीचे नाही. वडीलधाऱ्यांनी पेट्या उघडाव्यात, तरुणांनी मोबाईलचा उपयोग त्यासाठी करावा आणि महिला मंडळांनी आठवणी लिहून घ्याव्यात. येत्या वर्षावासात प्रत्येक घरातून एक जुना कागद वाचनालयात आला, तरी आरंभ झाला असे आम्ही समजू.

जयभीम! नमो बुद्धाय!