कापसाचे मैदान

दहावी झाली की तुमच्यापैकी बरेच जण कॉलेजात जातील. तिथले पहिले वर्ष कसे असते, असे तुम्ही मला विचाराल, तर मी माझ्या वहीपासून सुरुवात करीन.

1994 साली मी फोर्टमधल्या एका कॉलेजात दाखल झालो. आम्ही कॉटन ग्रीनला राहत होतो. अब्बा तिथल्या गोदामात कापसाच्या गाठी हलवण्याचे काम करीत. एक गाठ साधारण 170 किलोची, म्हणजे एकट्याचे काम नव्हेच. सकाळी मी हार्बर लाईनची गाडी पकडत असे. चार स्टेशने गेली की पाचवे व्हीटी, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. देशातली पहिली विजेची गाडी 3 फेब्रुवारी 1925 रोजी याच मार्गावर धावली होती. पण हे मला तेव्हा कुठे ठाऊक होते!

वर्गात शिक्षक इंग्रजीत शिकवत आणि मुले आपापसांत मराठीत बोलत. मला मात्र वही उजवीकडून उघडायची सवय. मग मी एक युक्ती काढली. फळ्यावरचे इंग्रजी वहीच्या एका बाजूने उतरवायचे आणि त्यातले जे समजले, ते दुसऱ्या बाजूने उर्दूत लिहायचे. इंग्रजीची पाने भराभर भरली. उर्दूची झाली दोनच! दोन महिने मी वर्गात तोंड उघडले नाही. कॉलेज सोडून गोदामात हिशेब लिहायचे काम धरावे, असेही मनात येऊ लागले.

एके दिवशी इतिहासाच्या बाईंनी मला विचारले, “तू कुठे राहतोस?”

“कॉटन ग्रीनला.”

“कापूस तर पांढरा, मग ग्रीन कसा?” मागून कोणीतरी म्हणाले. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. “प्रश्न चांगला आहे,” त्या म्हणाल्या, “सोमवारी उत्तर तूच सांग.”

घरी अब्बांना विचारले. “बाजार पूर्वी कुलाब्याला होता, असं जुने हमाल सांगायचे,” एवढेच त्यांना माहीत होते. बाकीचे मी ग्रंथालयात शोधले. शब्दकोश किती वेळा उघडला, ते विचारू नका!

सोमवारी मी उभा राहिलो. पाय थरथरत होते. पूर्वी फोर्टमध्ये ‘बॉम्बे ग्रीन’ नावाची मोकळी जागा होती. तिथे कापसाच्या गाठी रचलेल्या असत. आज तिथे हॉर्निमन सर्कल आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात कापूस कुलाब्याला गेला आणि 1920 नंतरच्या काळात शिवडीकडे आला. बाजार हलला, तसे त्याचे नावही त्याच्याबरोबर आले. इथे ‘ग्रीन’ म्हणजे हिरवा रंग नव्हे, तर... मला मराठी शब्द आठवेना.

“मैदान,” मी बोलून गेलो आणि गप्प झालो. वाटले, हा तर आपला उर्दू शब्द!

बाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले : कापसाचे मैदान. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “थांबलास का? पुढे सांग.”

त्या रात्री वहीची उर्दूची चार पाने भरली. अब्बांनी ती दोनदा वाचून घेतली.