परदेशात शिकवायला निघालेल्या यवतमाळच्या शिक्षकांसाठी

बी.एड. झालेले, टीईटी उत्तीर्ण, तरी वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर किंवा विनाअनुदानित शाळेत राबणारे तरुण यवतमाळ जिल्ह्यात पुसदपासून वणीपर्यंत सगळीकडे भेटतात. त्यांतल्या अनेकांना आता परदेशातल्या शाळा खुणावू लागल्या आहेत. इंग्लंड, कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि आखातात स्थिरावलेली मराठी कुटुंबे नव्याने येणाऱ्यांना जे पुन्हा पुन्हा सांगतात, ते इथे एकत्र केले आहे. त्याचे सार असे: नोकरीची निम्मी तयारी गाव सोडण्याआधीच करावी लागते, आणि तिथे टिकाव लागतो तो पहिल्या सहा महिन्यांचा खर्च हाताशी असेल तरच.

आधी कागद

पहिली अडचण नावाची येते. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात जाते. लग्न झालेल्या शिक्षिकेची पदवी माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या नावाने असतो. त्यासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि नावबदलाचे राजपत्र जवळ ठेवा. सर्व कागदांवरचे स्पेलिंग एकदा शेजारी शेजारी ठेवून तपासा.

दुसरा कागद ट्रान्स्क्रिप्टचा. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात शिक्षकांची नोंदणी करणाऱ्या ऑन्टारिओ कॉलेज ऑफ टीचर्ससारख्या संस्था तो थेट विद्यापीठाकडून मागवतात. अमरावती विद्यापीठात त्यासाठी अर्ज करणे आणि पाठपुरावा करणे इथे राहून सोपे असते, टोरांटोतून फार अवघड.

तिसरा कागद अनुभवाचा. तासिका तत्त्वावरचा अनुभव बऱ्याच ठिकाणी पूर्णवेळ धरत नाहीत. म्हणून प्रमाणपत्रावर विषय, इयत्ता, तारखा, आठवड्याचे तास आणि पूर्णवेळ की अंशकालीन हे स्पष्ट लिहून घ्या. मराठीतल्या कागदांचे अधिकृत भाषांतर करून ठेवा.

शेवटी साक्षांकन: आधी राज्य शासनाचे, मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल. संयुक्त अरब अमिरातीसाठी मात्र अपोस्टिल पुरत नाही, त्यांच्या दूतावासाचा शिक्काही लागतो.

कोणत्या देशात काय

इंग्लंडमध्ये २०२३ पासून भारतात पात्र ठरलेल्या गणित, विज्ञान आणि परकीय भाषांच्या शिक्षकांना तिथला शिक्षकाचा दर्जा मिळवण्यासाठी थेट अर्ज करता येतो. अकरा ते सोळा वयोगटाला शिकवण्याची पात्रता हवी. अर्जाला शुल्क नाही. पण दर्जा मिळाला म्हणजे व्हिसा मिळाला असे नाही. व्हिसासाठी नोकरी देणारी शाळा प्रायोजक लागते.

अमेरिकेत जे-१ व्हिसावर शिक्षक म्हणून जाता येते. त्याला किमान दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो. मुदत तीन वर्षे, वाढवून फार तर पाच. स्थायिक होण्याची वाट म्हणून या व्हिसाकडे पाहू नका. नवऱ्याच्या एच-१बी व्हिसामागे एच-४ वर जाणाऱ्या शिक्षिकांना वेगळा कामाचा परवाना मिळेपर्यंत नोकरी करता येत नाही, हे निघण्याआधी दोघांनीही समजून घ्यावे.

ऑस्ट्रेलियात शिक्षक म्हणून स्थलांतरासाठी पात्रतेचे मूल्यांकन होते. ज्यांना इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, त्यांना आयईएलटीएसमध्ये वाचन-लेखनात ७ आणि श्रवण-संभाषणात ८ गुण हवेत. मराठी माध्यमात शिकलेल्यांनी याची तयारी वर्षभर आधी सुरू करावी.

पहिल्या वर्षाचे काम

आल्या आल्या वर्गशिक्षकाची जागा मिळेल असे गृहीत धरू नका. व्हिसा परवानगी देत असेल तर बदली शिक्षक, वर्गातला सहायक, शिकवणी अशी कामे घ्या. त्यातून तिथल्या वर्गाची शिस्त कळते आणि स्थानिक मुख्याध्यापकाचे शिफारसपत्र मिळते. मराठी मंडळांच्या शनिवार-रविवारच्या शाळेतही शिकवा. ते काम बहुतेक विनावेतन असते, पण ओळखी होतात. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेतले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून. अशा ठिकाणी नवख्याला विचारायला माणूस सापडतो.

आपल्या शेजारच्या वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत कष्टाची कामे करत शेतीशास्त्र शिकले आणि पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी शाळेत अध्यापक झाले. हाताशी पक्का विषय होता, म्हणून परक्या देशातही त्यांना वर्ग मिळाला.

खर्चाचा हिशेब

पगाराचे रुपयांत रूपांतर करून हुरळू नका. पगार तिथल्या चलनात येतो आणि खर्चही त्याच चलनात होतो.

घरभाडे सर्वांत मोठा खर्च. ऑन्टारिओत घरमालक पहिल्या महिन्याबरोबर शेवटच्या महिन्याचे भाडेही आगाऊ घेऊ शकतो. दुबईत वर्षाचे भाडे मोजक्या आगाऊ धनादेशांत द्यायची पद्धत आहे. म्हणून तिथल्या शाळेचा करार वाचताना घर किंवा घरभत्ता, विमानाचे तिकीट, आरोग्य विमा आणि मुलांच्या फीची सवलत या चार गोष्टी लेखी आहेत का ते पाहा.

इंग्लंडच्या व्हिसासोबत आरोग्य अधिभार लागतो. २०२४ पासून तो प्रौढाला वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलाला ७७६ पौंड आहे, आणि तो सर्व वर्षांचा एकदम भरावा लागतो. चौघांच्या कुटुंबाने हा आकडा आधी मांडावा. शक्य असेल तर आधी एकाने जावे, नोकरी आणि घर लागल्यावर बाकीच्यांनी.

एजंट आणि शेत

परदेशी नोकरी लावून देणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का, ते ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहा. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. "आधी पर्यटक व्हिसावर जा, तिथे बघू" असे म्हणणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका. पैसे पावतीशिवाय देऊ नका.

आणि सर्वांत महत्त्वाचे: एजंटाचे पैसे भागवायला शेत विकू नका, सावकाराकडे गहाणही ठेवू नका. अनिवासी झाल्यावर आधीची शेतजमीन तुमच्या नावावर राहू शकते, पण नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणजे आज विकलेले शेत परदेशात राहून कमावलेल्या पैशाने परत घेता येणार नाही. नोकरीचा लेखी करार आणि व्हिसा हातात आल्याशिवाय इथल्या नोकरीचा राजीनामाही देऊ नका.

कागद पूर्ण करायला वर्ष लागले तरी लागू द्या. घाई करून गेलेल्यापेक्षा तयारीने गेलेला शिक्षक लवकर वर्गात उभा राहतो. आणि तुम्ही स्थिरावलात की तुमच्या तालुक्यातून येणाऱ्या पुढच्या शिक्षकाला हेच सगळे, काही न लपवता, सांगा.